४५ हजारांत ऑफिस आणि गेमिंग: जुना बोर्ड ठेवा, पैसे कुठे घालायचे ते सांगतो

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. इंदूरला घरी सहा-सात वर्षांपूर्वी असेंबल केलेला कॉम्प्युटर आहे: रायझन ३ २२००जी प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबी रॅमची एकच स्टिक, १ टीबी हार्ड डिस्क, वेगळं ग्राफिक कार्ड नाही, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) कॅबिनेटसोबत आलेला, मॉनिटर २२ इंची फुल एचडी. दिवसा वहिनी त्यावर व्यापाऱ्यांची खाती बघतात, म्हणजे टॅली, एक्सेल, जीएसटी पोर्टल आणि मध्येच एखादी व्हिडिओ मीटिंग. संध्याकाळी मुलगा व्हॅलोरंट खेळतो आणि त्याला जीटीए ५ आणि त्यापुढचे गेम हवेत. बजेट ४५ हजार. दुकानदार म्हणतो, "भिया, हे सगळं भंगारात द्या, डीडीआर५ चा नवा सेट लावा," आणि त्याचा आकडा ८० हजारांच्या घरात जातो. (डीडीआर५ म्हणजे नव्या पिढीची रॅम.)

दुकानदार खोटं बोलत नाहीये. नवा सेट चांगलाच असतो. पण तुमची अडचण कॉम्प्युटर जुना झाल्याची नाही. एकाच डब्यावर दोन माणसं दोन वेगळ्या कारणांनी खोळंबतात, ही अडचण आहे. वहिनींचा खोळंबा डिस्कपाशी आणि रॅमपाशी होतो, मुलाचा ग्राफिक्सपाशी. हे दोन्ही खोळंबे तुमच्या आहे त्या बोर्डावर सुटतात. तो बोर्ड एएम४ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसवायची जागा) आहे आणि त्यावर पुढे आलेले रायझन ५००० मालिकेचे प्रोसेसर चालतात. त्यामुळे बोर्ड, कॅबिनेट आणि हातातली रॅम तीनही वाचतात. रॅम वाचणं आज फार मोलाचं आहे, कारण २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव असे चढलेत की डीडीआर५ चा नवा सेट लावताना प्रोसेसरपेक्षा रॅमच जास्त टोचते.

पैसे खर्च करण्याआधी एक फुकटची तपासणी करा. वहिनींना कॉम्प्युटर अडकल्यासारखा वाटेल त्या क्षणी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्सच्या पानावर डिस्क, मेमरी आणि सीपीयू यांतलं काय शंभर टक्क्यांना टेकलंय ते बघा. माझा अंदाज आहे की डिस्क असेल, तिच्या पाठोपाठ मेमरी. टॅलीचा डेटा हार्ड डिस्कवर, ब्राउझरमध्ये दहा टॅब आणि वर मीटिंग, म्हणजे ८ जीबी भरतात, विंडोज उरलेलं सामान हार्ड डिस्कवर टाकू लागतं आणि तिथून पुढे माउस हलवायलाही वाट बघावी लागते. तुमच्याकडे तसं दिसलं नाही आणि सीपीयूच कायम शंभरावर असेल, तर आधी व्हायरस किंवा कूलरमधली धूळ बघा. स्वच्छतेत इंदूरचं नाव २०१७ पासून देशभर गाजतंय, पण कॅबिनेटचं झाकण उघडलं की आपली स्वच्छता तिथवर पोचलेली नाही हे लगेच कळतं.

आता एकेक भाग.

पहिली एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी वेगवान डिस्क. बी४५० बोर्डावर एम.२ नावाचा स्लॉट असतो, त्यात एनव्हीएमई प्रकारची एसएसडी लावा. ५०० जीबीने काम भागेल, पण आजकालचा एकेक मोठा गेम शंभर जीबीच्या आसपास जागा खातो, म्हणून जमलं तर १ टीबी. दुकानात ७००० एमबी प्रति सेकंद वगैरे आकडे दाखवतील, तिकडे लक्ष देऊ नका. तुमचा एम.२ स्लॉट पीसीआयई ३.० चा आहे (पीसीआयई म्हणजे बोर्डापासून डिस्क किंवा कार्डापर्यंतचा डेटाचा रस्ता), तिथे सुमारे ३५०० च्या वर जाताच येत नाही, आणि टॅली उघडताना तो फरक जाणवतही नाही. खरी उडी आहे ती हार्ड डिस्कवरून एसएसडीवर येण्यात. जुनी हार्ड डिस्क फेकू नका, बॅकअप आणि फोटोंना राहू दे.

विंडोज जुन्या डिस्कवरून जसंच्या तसं कॉपी करून आणू नका, नव्याने टाका. याला कारण आहे. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले, आणि घरगुती वापरासाठी नोंदणी करून मिळणारी मुदतवाढ १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच आहे. ज्या मशीनवर लोकांची जीएसटीची खाती आणि बँकेचे पासवर्ड आहेत, ते मशीन अपडेटशिवाय ठेवणं बरोबर नाही. आणि इथे तुमच्या प्रोसेसरची गोम आहे. नावात २२०० असलं तरी २२००जी आतून पहिल्या पिढीच्या झेन रचनेवर बनलेला आहे. त्यामुळे रायझन ५ २६०० विंडोज ११ च्या अधिकृत यादीत आहे, पण २२००जी नाही. त्यातच व्हॅलोरंटचं अँटीचीट (गेममधली फसवेगिरी पकडणारा प्रोग्रॅम) विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या दोन्ही सुरक्षा-सोयी चालू मागतं. जुनं विंडोज लेगसी, म्हणजे जुन्या बूट पद्धतीने टाकलेलं असेल तर सिक्युअर बूट चालू होणारच नाही, मग मुलगा रोज लाल एररकडे बघत बसेल. म्हणून इन्स्टॉल करताना बायोसमध्ये (बोर्डातल्या मूळ प्रोग्रॅममध्ये) सीएसएम ही जुनी बूट पद्धत बंद, यूईएफआय ही नवी चालू, आणि डिस्कची मांडणी जीपीटी. हे एकदा नीट केलं की पुढची कटकट मिटते.

प्रोसेसर: रायझन ५ ५६००. सहा कोअर, बारा थ्रेड, ६५ वॅट, आणि डब्यासोबत कूलर येतो. तुमच्या कामाला आणि या वर्गातल्या ग्राफिक कार्डाला तो पुरून उरतो. दुकानात ५५०० किंवा ५६००जी पुढे केला जाईल, "सेम टू सेम आहे" असं म्हणून. सेम नाही. त्या दोघांत एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) १६ एमबी आहे, ५६०० मध्ये ३२ एमबी, आणि गेममध्ये हा फरक दिसतो. ५६००जी मध्ये ग्राफिक्स आतच असतात, म्हणून कार्ड घ्यायचंच नसतं तर मी तोच सांगितला असता. ५७०० एक्स३डी वगैरे प्रोसेसरांची नावं मुलगा यूट्यूबवर ऐकून आला असेल. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या मॉनिटरसाठी त्यावर पैसे घालू नका.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर रात्री अकराला घाबरून जाल. ५६०० मध्ये ग्राफिक्स नाहीत. म्हणजे बोर्डाच्या मागचा एचडीएमआय पोर्ट त्यानंतर मेलेला समजा. मॉनिटरची वायर ग्राफिक कार्डालाच लावायची. "नवा प्रोसेसर टाकला आणि डिस्प्ले गेला" अशी तक्रार घेऊन माझ्याकडे येणाऱ्यांत बरेच जण वायर जुन्या जागी लावून आलेले असतात.

ग्राफिक कार्डात बजेटचा साधारण निम्मा हिस्सा जाईल, म्हणून इथे जरा थांबू. माझी निवड एएमडीचं आरएक्स ६६००, ८ जीबी. १३२ वॅट खातं, एकच ८ पिनची वायर लागते, आणि फुल एचडीवर तुमच्या मुलाच्या यादीतले गेम नीट चालवतं. ते शेल्फवर नसेल तर आरएक्स ७६०० बघा, पण त्याला १६५ वॅट लागतात आणि पैसेही जास्त.

स्वस्तातलं म्हणून ६५०० एक्सटी गळ्यात मारतील, ते घेऊ नका. कारण असं की कार्ड आणि बोर्ड यांच्यामधला रस्ता किती लेनचा आहे हे कार्डावर ठरतं. ६५०० एक्सटी चार लेन वापरतं, ६६०० आठ लेन. बी५५० बोर्डावर पीसीआयई ४.० असल्यामुळे चार लेनही कशाबशा निभावतात. तुमच्या बी४५० वर पीसीआयई ३.० आहे, म्हणजे प्रत्येक लेनचा वेग निम्मा. चार लेन, त्याही निम्म्या वेगाच्या, आणि कार्डावर मेमरी फक्त ४ जीबी. मेमरी भरली की सगळी वाहतूक त्याच अरुंद रस्त्याने होते आणि गेम अडखळत चालतो. ६६०० ला आठ लेन मिळतात, तिथे नुकसान थोडंच होतं. इंटेलचं आर्क बी५८० कार्ड कागदावर मोहात पाडतं, पण ५६०० सारख्या जुन्या प्रोसेसरसोबत काही गेममध्ये ते बरंच मागे पडतं. नव्या प्लॅटफॉर्मवर जाल तेव्हा त्याचा विचार करा.

एनव्हिडियाचं काय? मुलगा व्हिडिओ एडिटिंग करणार असेल, स्ट्रीमिंग करणार असेल किंवा कॉलेजात क्युडा (एनव्हिडियाच्याच कार्डांवर चालणारी प्रोग्रॅमिंगची सोय) लागणार असेल, तर आरटीएक्स ३०५० ८ जीबी घेण्यात अर्थ आहे. नुसत्या गेमसाठी त्याच पैशात ६६०० जास्त फ्रेम देतं. ३०५० मध्ये ६ जीबीचंही एक मॉडेल आहे, ७० वॅटचं, बहुतेकांना वेगळी वायरही लागत नाही. नाव तेच असलं तरी ते बरंच हळू आहे, बिलावर नेमकं कोणतं लिहिलंय ते बघा.

सेकंडहँड कार्डाबद्दल विचारलंय म्हणून सांगतो. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं माइनिंग बंद झालं, आणि त्याआधी दिवसरात्र राबलेली आरएक्स ५८० सारखी कार्डं बाजारात ढिगाने आली. त्यातली अजून फिरतायत. ५८० घेऊ नका, ते १८५ वॅट खातं आणि वय झालंय. ६६०० चांगल्या अवस्थेत मिळालं तर हरकत नाही, पण समोर बसून फरमार्क हा कार्डावर ताण टाकणारा प्रोग्रॅम पंधरा मिनिटं चालवायला लावा. पंख्याचा आवाज खरखरीत येतो का, पडद्यावर ठिपके उमटतात का, स्क्रूची खाच घासलेली दिसते का, हे बघा. घासलेली असेल तर कार्ड कोणीतरी उघडलेलं आहे. विकणारा दाखवायला कां-कूं करत असेल तर तिथून उठा.

एसएमपीएस. बदलायच्या तुमच्या यादीत तो नव्हताच, आणि मला काळजी त्याचीच जास्त आहे. कॅबिनेट उघडून त्याचं स्टिकर वाचा. मोठ्या अक्षरात ४५० वॅट लिहिलं असेल, पण खाली तक्त्यात +१२ व्होल्टच्या रकान्यात अँपिअर लिहिलेले असतात. १२ ला त्या आकड्याने गुणा. कॅबिनेटसोबत येणाऱ्या अनेक डब्यांवर तिथे १६ अँपिअर दिसतात, म्हणजे १९२ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही याच रेषेवरून वीज ओढतात, त्यामुळे मोठ्या अक्षरातल्या ४५० चा काही उपयोग नाही. ५६०० आणि ६६०० मिळून पूर्ण जोरात दोनशेच्या वर जातात, बाकी सामान धरून अडीचशेच्या आसपास. एखाद्या नावाजलेल्या कंपनीचा ५०० किंवा ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ हा वीजबचतीचा शिक्का असलेला एसएमपीएस घ्या, ज्याला ६+२ पिनची पीसीआयई वायर मूळचीच आहे. जुन्या डब्यावर कन्व्हर्टर लावून ८ पिन काढून देतो असं कोणी म्हणालं तर हात जोडा. त्या बारीक वायरी गरम होऊन कनेक्टर वितळतो, आणि एसएमपीएस जाताना बऱ्याचदा एकटा जात नाही.

रॅमचं लवकर आटोपतो. आहे त्या ८ जीबी स्टिकशेजारी आणखी एक ८ जीबी डीडीआर४ घाला. दोन वेगवेगळ्या वेगाच्या असल्या तर दोन्ही कमी वेगावर चालतील, त्याने आभाळ कोसळत नाही. दोन चॅनेल चालू होण्याचा, म्हणजे दोन्ही स्टिक एकदम वापरात येण्याचा फायदा त्या नुकसानीपेक्षा मोठा आहे. चार स्लॉटचा बोर्ड असेल तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्यात लावा. रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम चालू ठेवा. एकही एरर आला तर स्टिक बदलून घ्या, "चालतंय ना" म्हणून सोडून देऊ नका, कारण खराब रॅम टॅलीचा डेटा बिघडवू शकते.

यूपीएस या बजेटबाहेर धरतो, पण विसरू नका. तुमच्याकडे ६०० व्हीएचा असेल तर तो साधारण ३६० वॅट झेलतो. वहिनींच्या कामाला पुरेल. मुलगा गेम खेळताना मॉनिटरसकट भार तीनशेच्या जवळ जाईल, तेव्हा लाइट गेल्यावर मिनिटभरात मान टाकेल. बॅटरी जुनी असेल तर तेवढंही नाही. १००० व्हीएचा असेल तर सेव्ह करून बंद करायला वेळ मिळतो. घराला इन्व्हर्टर असेल आणि लाइट गेल्यावर कॉम्प्युटर रीस्टार्ट होत असेल, तर इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचं बटण आहे का बघा, बऱ्याच इन्व्हर्टरवर असतं.

आता बदलायचा क्रम, कारण नुकसान बहुधा इथेच होतं. बायोस अपडेट जुना प्रोसेसर बोर्डात असतानाच करायचा. तुमच्या बोर्डाच्या नेमक्या मॉडेलच्या पानावर सीपीयू सपोर्ट यादीत ५६०० पुढे जो बायोस लिहिलाय तो किंवा त्यापुढचा टाका. काही बोर्डांना नव्या बायोसच्या आधी मधला एक टाकावा लागतो, तिथली सूचना वाचा. अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्ड जाऊ शकतो, म्हणून हे काम यूपीएसवरच.

मग प्रोसेसर काढणं. सहा-सात वर्षांत कूलरखालची पेस्ट वाळून गोंदासारखी झालेली असते. कूलर सरळ वर ओढला तर बंद सॉकेटमधून प्रोसेसरही त्याला चिकटून बाहेर येतो, आणि एएम४ मध्ये पिना प्रोसेसरलाच असतात, त्या वाकतात. म्हणून आधी दहा-पंधरा मिनिटं गेम चालवून प्रोसेसर गरम करा, बंद करा, प्लग काढा, चारही स्क्रू थोडे थोडे तिरक्या क्रमाने सैल करा, आणि कूलर डावीकडे-उजवीकडे हळूहळू फिरवत सुटा करा. शेवटचा स्क्रू निघताना बोर्डामागची धातूची पट्टी खाली पडते, तिथे एक हात धरून ठेवा. हाताने करायची भीती वाटत असेल तर दुकानात शे-दोनशे देऊन करून घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

वहिनींकडून दोन गोष्टी आधी करून घ्या. विंडोज काढण्यापूर्वी टॅलीचं लायसन्स सरेंडर करायचं, नाहीतर नव्या इन्स्टॉलवर ते चालू करताना फोनाफोनी होते. आणि डिजिटल सिग्नेचरच्या यूएसबी टोकनचे ड्रायव्हर पुन्हा टाकावे लागतील, टोकनचा पासवर्ड कुठेतरी लिहिलेला आहे ना ते बघा. ११ तारीख जीएसटीआर-१ या विवरणपत्राची आणि २० तारीख जीएसटीआर-३बी ची. त्या दोन तारखांच्या मध्ये घरात कॉम्प्युटर उघडा पडलेला नको. २१ ते महिनाअखेर या काळात काम काढा.

खरेदी इंदूरमध्येच करणार असाल तर आर. एन. टी. मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये दोन-तीन दुकानांत तीच यादी, तेच मॉडेल नंबर देऊन कोटेशन घ्या. "पूर्ण सेट एवढ्यात" असा एकरकमी भाव घेऊ नका, कारण त्यात एसएमपीएस आणि एसएसडी हलकी निघते. प्रोसेसर सीलबंद डब्यातला मागा. त्यावर एएमडीची तीन वर्षांची वॉरंटी असते. ट्रे म्हणून सुटा विकतात त्यावर कूलर नसतो आणि वॉरंटी दुकानदाराच्या शब्दावर. बिलावर जीएसटीसकट प्रत्येक वस्तूचा सीरियल नंबर लिहून घ्या.

पैशांची वाटणी साधारण अशी बसेल: निम्मे कार्डात, पाव प्रोसेसरात, आणि उरलेल्या पावात एसएसडी, एसएमपीएस, रॅम. ओढाताण होईल. भाव आठवड्याला हलतायत, त्यामुळे एकदम जमलं नाही तर दोन टप्पे करा, पण टप्पे असे: आधी एसएसडी, रॅम आणि एसएमपीएस, जुन्या प्रोसेसरवरच. प्रोसेसर आणि कार्ड नंतर, दोन्ही एकत्र. प्रोसेसर आधी घेतलात तर कार्ड येईपर्यंत पडदा काळा. पहिल्या टप्प्यात विंडोज १० च टाकावं लागेल, पण वर सांगितलं तसं यूईएफआयमध्ये टाकलंत तर प्रोसेसर बदलल्यावर फॉरमॅट न करता ११ वर जाता येईल. पहिल्या टप्प्यावरच वहिनींची तक्रार बहुतेक संपेल. मुलाला थोडं थांबवावं लागेल.

माझं हे सगळं दोन गोष्टींवर अवलंबून आहे. बोर्ड ठणठणीत असला पाहिजे, कपॅसिटर फुगलेले नकोत, रॅमचे स्लॉट सगळे चालू हवेत. आणि वर्षभरात मुलगा गंभीर व्हिडिओ एडिटिंगकडे वळणार नसला पाहिजे. यातलं एक जरी बिनसलं तर मीही दुकानदारासारखंच म्हणेन की पैसे साठवा आणि एएम५ या नव्या सॉकेटवर जा.

मॉनिटरबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण वर्षभराने पुन्हा पैसे हातात आले तर कार्डाच्या आधी तिकडे बघा. व्हॅलोरंट हलका गेम आहे, ५६०० आणि ६६०० वर तो सेकंदाला दोनशेच्या वर फ्रेम सहज काढेल आणि तुमचा ६० हर्ट्झचा पडदा त्यातल्या ६० च दाखवेल. १४४ हर्ट्झचा एखादा मॉनिटर आणलात तर मुलगा खूश, आणि जुना मॉनिटर शेजारी लावला की वहिनींना एका पडद्यावर पोर्टल, दुसऱ्यावर टॅली. ६६०० ला दोन्ही वायरी एकदम लागतात. बोर्डाचा नेमका मॉडेल नंबर आणि एसएमपीएसच्या स्टिकरचा फोटो टाका, मग बायोस कोणता आणि जुना डबा कितपत धोक्याचा ते नेमकं सांगता येईल.